पाचशे कसले? रोमच्या चौकावरून टूर मॅनेजर मंडळींना खुलं पत्र

युरोपच्या सहली नेणाऱ्या समस्त मराठी टूर मॅनेजर मंडळींना,

स. न. वि. वि.

आधी तुमच्या कामाबद्दल दोन शब्द, नाहीतर हे पत्र तक्रारीचं वाटायचं. चाळीस-पंचेचाळीस माणसं, त्यातली निम्मी गुडघेदुखीची, चौघांना कांदा-लसूण चालत नाही, एका काकांचा पासपोर्ट रोज सकाळी हरवतो आणि रोज सकाळी त्यांच्याच कमरेच्या पाऊचमध्ये सापडतो. एवढं लटांबर लंडनपासून रोमपर्यंत हसतमुखाने न्यायचं म्हणजे खायचं काम नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. पेन्शनच्या तारखेची गर्दी पंचवीस वर्षं काउंटरवरून बघितली, तरी तुमचं काम मला एक दिवससुद्धा जमलं नसतं.

पत्राचं कारण एक चौक आहे.

आमच्या सहलीचा रोममधला शेवटचा दिवस. टर्मिनी स्टेशनसमोरच्या प्रचंड चौकात आमचा ग्रुप बसची वाट बघत उभा. आमच्या मॅनेजरने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "कुणी हरवलंच तर पियाझ्झा देई चिंक्वेचेंतो एवढं लक्षात ठेवा." एका काकूंनी विचारलं, चिंक्वेचेंतो म्हणजे काय हो? "पाचशे." कसले पाचशे? पोरगा हुशार, पण घाईत होता. म्हणाला, "ती छोटी फियाट नाही का, फियाट पाचशे, तिच्यावरून असेल." त्यावर पासपोर्टवाल्या काकांनी आपली जुनी प्रीमियर पद्मिनी काढली, ती कशी खंडाळ्याच्या घाटात कधीच तापली नाही वगैरे, आणि विषय संपला. मीही हसले. मलाही कुठे माहीत होतं?

बस यायला चाळीस मिनिटं लागली. मॅग्नेट घेऊन झाली होती, म्हणून मी चौकाच्या कडेने रिपब्लिक चौकाच्या दिशेला जरा चालत गेले. डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या जवळ एक छोटी बाग आहे. बाकावर कुणीतरी बूट उशाशी घेऊन झोपलेलं. मधोमध एक इजिप्शियन ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी स्तंभ, चित्रलिपीने भरलेला. म्हटलं, रोममध्ये हे असले ढिगाने आहेत. पण पायथ्याला धातूच्या पाट्यांवर नावंच नावं कोरलेली दिसली, आणि 'डोगाली' हा शब्द. फोटो काढला. घरी आल्यावर वाचायला बसले ती आठवडाभर उठले नाही.

तर ते पाचशे म्हणजे इटालियन सैनिक. २६ जानेवारी १८८७ रोजी, तांबड्या समुद्रावरच्या मासावा बंदरापासून काही कोसांवर, डोगाली नावाच्या जागी त्यांची तुकडी कापली गेली. चौकाला त्यांचं नाव आहे. ज्याने त्यांना हरवलं त्याचं नाव त्या चौकात कुठे नाही, आणि ते असायला हवं असा माझा आग्रहही नाही. हरलेल्यांनी आपल्या मेलेल्यांची आठवण ठेवावी, त्यात वावगं काय? माझी विनंती एवढीच, की त्याचं नाव निदान तुमच्या तोंडी असावं. तुम्ही इटालियन सरकारचे नोकर नाही. तुमच्या माइकवर दोन्ही बाजू मावतात.

त्याचं नाव रास अलुला.

'रास' ही पदवी. मेष-वृषभाशी संबंध नाही. शब्दशः अर्थ डोकं, म्हणजे राजाच्या खालचा सर्वांत मोठा सरदार. इथिओपियाच्या उत्तरेला तिग्राय म्हणून प्रांत आहे, त्यातल्या टेंबियेन भागातल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. घराणं-बिराणं काही नव्हतं, आणि तिथल्या दरबारात घराण्याला आपल्याकडच्याइतकंच महत्त्व. तिग्रायमध्ये त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. लग्नघरी भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन चाललेल्या माणसांना पोरांच्या एका टोळीने अडवलं. टोळीचा म्होरक्या हा. कुठे चाललात, म्हणून त्याने दरडावलं. माणसांनी टिंगल केली, "रास अलुलांच्या वाड्यावर!" पुढे गावाने तेच नाव चिकटवलं. अशा गोष्टी मागाहून रचल्या जातात हे कळतं मला, पण ही मला आवडली, कारण तिच्यात वाडा नाही, नुसती टिंगल आहे.

तो कासाई नावाच्या तिग्राय सरदाराच्या पदरी वाढला. आणि इथे मुंबईचा धागा आहे, तो सांगितलात तर बसमधले डुलक्या घेणारेही जागे होतील. १८६८ साली ब्रिटिशांनी सम्राट थिओडोरच्या कैदेतली आपली माणसं सोडवायला अबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावर, स्वारी केली. सेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबईच्या फौजेचा मुख्य. त्याची जहाजं मुंबईहून निघाली. सुमारे तेरा हजारांची फौज, हजारो खेचरं-उंट, आणि तोफा वाहायला चव्वेचाळीस हत्ती. कासाईने या फौजेला आपल्या मुलखातून वाट दिली. परत जाताना नेपियरने बक्षिसी म्हणून त्याला तोफा, उखळी तोफा आणि आठशेवर बंदुका देऊन टाकल्या. त्या जोरावर कासाईने १८७१ मध्ये प्रतिस्पर्ध्याला हरवलं आणि पुढच्या वर्षी अक्सुमला योहानिस चौथा म्हणून सम्राटपदाचा अभिषेक करून घेतला. धनी वर गेला, तसा चाकरही. म्हणजे अलुलाच्या नशिबाची एक किल्ली मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात चढलेली. हबशी म्हटलं की आपल्याला मलिक अंबर आणि जंजिऱ्याचा सिद्दी, तिकडून इकडे आलेली माणसं, एवढंच आठवतं. इकडून तिकडे काय गेलं, ते कुणी सांगत नाही.

१८७५-७६ मध्ये इजिप्तने दोनदा चढाई केली आणि गुंडेत आणि गुरा इथे दोनदा मार खाल्ला. त्यानंतर योहानिसने अलुलाला 'रास' केलं आणि मेरेब मेलाशचा सुभेदार नेमलं. मेरेब मेलाश म्हणजे 'मेरेब नदीच्या पलीकडचं'. आजच्या नकाशावर तो इरिट्रियाचा डोंगराळ भाग. सम्राटाच्या नात्यातल्या अम्लासू हिच्याशी त्याचं लग्नही झालं. शेतकऱ्याच्या पोराला राजघराण्याचं जावईपण.

सुभेदारी म्हणजे काय करायचं? खंडणी वसूल करायची, वाटा मोकळ्या ठेवायच्या, आणि समुद्रावरून कोण चढतंय त्यावर नजर ठेवायची. अलुलाने आपलं ठाणं हलवून अस्मारा नावाच्या लहानशा वस्तीत नेलं. तिथे बाजार भरायला लागला. आज ते इरिट्रियाच्या राजधानीचं शहर आहे. इटालियन काळातल्या इमारतींसाठी २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, आणि तुमच्यातला एखादा अतिउत्साही भविष्यात तिथेही सहल काढेल. काढलीत तर त्या इमारतींच्या आधी तिथे एका तिग्राय सुभेदाराची छावणी होती, एवढं ध्यानात असू द्या.

आता तो भाग, जो वाचताना मला दोन रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणाला, कशाला डोक्यात घेतेस? पण मी बँकेत कर्जविभागात होते. करार कसा मोडला जातो, हे मला लगेच दिसतं.

१८८४ च्या जूनमध्ये ब्रिटिश नौदलाचा अ‍ॅडमिरल हेविट अडवाला आला आणि योहानिसबरोबर तह झाला. सुदानमध्ये महदी या धर्मनेत्याचं इजिप्तच्या सत्तेविरुद्ध बंड पेटलं होतं आणि सरहद्दीवरच्या ठाण्यांत इजिप्तची शिबंदी अडकली होती. तिला सुखरूप बाहेर काढायला इथिओपियाने मदत करायची. बदल्यात बोगोस प्रांत परत मिळणार, आणि मासावा बंदरातून मालाला, हत्यारांनासुद्धा, जकातीविना वाट. इथिओपियाला समुद्राचं दार हवं होतं, शतकानुशतकं हवं होतं; ते मिळाल्यासारखं वाटलं. ठरलेलं काम करायची जबाबदारी अलुलावर.

त्याने ते केलं. ठाण्यांतली माणसं बाहेर काढायला मदत झाली. तोवर ब्रिटिशांनी काय केलं? १८८५ च्या फेब्रुवारीत इटालियन सैन्य मासाव्यात उतरलं आणि लंडनने डोळेझाक केली. डोळेझाक कसली, पाठिंबाच होता. ज्या दारासाठी तह केला, त्या दारात दुसराच भाडेकरू येऊन बसला. आणि तरी त्याच सप्टेंबरमध्ये अलुला कसाला ठाण्याच्या मदतीसाठी निघाला. कसाला त्याआधीच पडलं होतं. २३ सप्टेंबरला कुफीत इथे महदीच्या सेनानी उस्मान दिग्नाच्या फौजेशी त्याची गाठ पडली. अलुला जिंकला, जखमी झाला, आणि त्याचा मोठा साथीदार ब्लाता गेब्रू तिथे मारला गेला. तिकडे मासाव्यातले इटालियन पुढे पुढे सरकत साआती नावाच्या ठाण्यापर्यंत पोचले होते.

अलुलाचं म्हणणं सरळ होतं: साआती माझ्या सम्राटाच्या मुलखात आहे, मागे हटा. त्यांनी ऐकलं नाही. १८८७ च्या जानेवारीत रोमच्या संसदेत परराष्ट्रमंत्री रोबिलांत म्हणाले की आफ्रिकेत पायात येणाऱ्या चार लुटारूंना एवढं महत्त्व द्यायचं कारण नाही. संसदेत हे बोलणं झालं आणि दोन दिवसांनी डोगाली घडलं. बातमी पोचायला आणखी काही दिवस लागले. तो मधला आठवडा मी कल्पनेत बघते: रोममध्ये मंत्रिमहोदय निश्चिंत, आणि तिकडे सगळं आटोपलेलं.

आदल्या दिवशी, २५ जानेवारीला, अलुलाने साआतीच्या तटबंदीवर थेट हल्ला केला होता आणि तिथे त्याची बरीच माणसं मारली गेली. ठाण्याला रसद आणि कुमक घेऊन लेफ्टनंट कर्नल दे क्रिस्तोफोरिसची साडेपाचशेच्या आसपास माणसांची तुकडी निघाली, ती २६ तारखेला अलुलाच्या हजारोंच्या फौजेला सापडली. इटालियनांच्या यांत्रिक तोफा अडकल्या. गोळ्या संपल्या. मेलेले सुमारे ४३०, जखमी ऐंशीच्या आसपास. पाचशे हा गोल केलेला आकडा. स्मारकांना गोल आकडे बरे पडतात.

एक सूचना आगाऊपणा करून देते. याला 'गनिमी कावा' म्हणायचा तुम्हाला फार मोह होईल, टाळ्याही पडतील. म्हणू नका. आदल्या दिवशी तो तटबंदीवर समोरून आदळला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दसपट माणसं होती. दुसऱ्याच्या लढाईला आपला सदरा घालायचा, आणि मग तो अंगाला बसत नाही म्हणून लढाईच कापायची, असं होतं मग.

इटलीत हाहाकार झाला. मंत्रिमंडळ गडगडलं, लाखो लिरांची मंजुरी झाली, आणि त्याच वर्षी स्टेशनसमोर स्मारक उभं राहिलं. ओबेलिस्क मूळचा इजिप्तच्या रामसेस दुसऱ्याच्या काळातला, प्राचीन रोमनांनी आणलेला, १८८३ मध्ये उत्खननात सापडलेला. म्हणजे आफ्रिकेत मेलेल्या इटालियनांसाठी आफ्रिकेतूनच आणलेला दगड. १९२० च्या दशकात तो चौकातून उचलून शेजारच्या त्या बागेत नेला. म्हणून आज तुमचा ग्रुप ज्या चौकात उभा राहतो, तिथे नाव आहे आणि स्मारक जरा पलीकडे.

डोगालीनंतर तंटा मिटवायला ब्रिटिशांनी जेराल्ड पोर्टल नावाचा तरुण दूत पाठवला. अलुलाने त्याला अस्मारात बरेच दिवस अडकवून ठेवलं. हेविटच्या सहीचं काय झालं, ते तो विसरला नव्हता. साआती इटालियनांना देऊन टाका असा विषय निघाला तेव्हा अलुलाचं उत्तर असं होतं, की मी रोमचा सुभेदार होईन तेव्हा इटालियनांनी खुशाल साआतीत यावं.

हे वाक्य मी वाचलं आणि मला तो चौक, आमचा घोळका, पद्मिनीच्या आठवणी सांगणारे काका, सगळं डोळ्यांपुढे आलं. तो रोमला कधीच आला नाही. त्याच्यामुळे नाव पडलेल्या चौकात आपण मात्र जैन थाळीचे डबे मोजत उभे असतो.

पुढची उतरण भराभर सांगते, कारण ती भराभरच झाली. १८८९ च्या मार्चमध्ये सुदानच्या सीमेवर महदीवाद्यांशी लढताना सम्राट योहानिस पडला. गादी शोआ प्रांताच्या मेनेलिककडे गेली. ऑगस्टमध्ये इटालियन अस्मारात शिरले, आणि १ जानेवारी १८९० पासून मेरेब मेलाशचं नाव 'इरिट्रिया' झालं. अलुला सुभ्याशिवायचा सुभेदार उरला. योहानिसचा वारस रास मेंगेशा याच्या बाजूने तो काही वर्षं उभा राहिला, शेवटी १८९४ मध्ये आदिस अबाबाला जाऊन मेनेलिकपुढे त्याने मान तुकवली.

१ मार्च १८९६, अडवा. हे नाव तुम्ही ऐकलं असेल; युरोपीय सत्तेचा आफ्रिकेतला एक फार मोठा पराभव. इटालियनांचे दोन जनरल मारले गेले, एक कैद झाला. मेनेलिकच्या त्या प्रचंड फौजेत अलुलाही होता, स्वतःची फारशी फौज न उरलेला, पण डोंगर न् डोंगर ओळखणारा. लढाई जिंकली, पण त्याचा मुलूख परत मिळाला नाही. ऑक्टोबरमधल्या तहात मेरेबच्या पलीकडचा भाग इटलीकडेच राहिला. आणि चार महिन्यांच्या आत, १५ फेब्रुवारी १८९७ ला, अलुला मेला. कुणाशी लढून? शेजारच्याच रास हागोस या तिग्राय सरदाराशी झालेल्या चकमकीत लागलेल्या जखमेने. इजिप्त, महदी, इटली या सगळ्यांतून वाचला आणि भाऊबंदकीत गेला. हा शब्द आपल्या लोकांना समजावून सांगावा लागणार नाही.

त्याला देव करू नका, हेही सांगते. कुनामा आणि नारा लोकांच्या मुलखावर त्याने घातलेल्या धाडी भयंकर होत्या. गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली, गुरं नेली. त्याच्याच सुभ्यातल्या हमासेन भागाच्या वोल्देमिकाएल नावाच्या स्थानिक सरदाराशी समेट करून नंतर त्याला कैदेत टाकलं. तिग्रायमध्ये मेकेलेच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, अलुला अबा नेगा. 'अबा नेगा' हे त्याच्या घोड्यावरून पडलेलं नाव, तिथे मोठ्या योद्ध्यांना घोड्याच्या नावाने ओळखायची रीत आहे. सीमा ओलांडून इरिट्रियात गेलात तर त्याच माणसाबद्दल 'बाहेरून येऊन आमच्यावर राज्य करणारा' असंही ऐकायला मिळेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणि त्या ओबेलिस्कची एक पुढची गोष्ट आहे, ती तर सांगाच. मुसोलिनीच्या फौजांनी १९३६ मध्ये आदिस अबाबा घेतलं आणि तिथला 'यहूदाचा सिंह', म्हणजे इथिओपियाच्या सम्राटांच्या राजचिन्हाचा पुतळा, उचलून रोमला आणला. मांडला कुठे? डोगालीच्या स्मारकापाशी. जून १९३८ मध्ये झेराई देरेस नावाच्या इरिट्रियन तरुणाने त्या सिंहासमोर गुडघे टेकले आणि मग भर रस्त्यात तलवार उपसली. त्याला मनोरुग्णालयात डांबलं, तिथून तो जिवंत बाहेर आला नाही. सिंह १९६० च्या दशकात परत गेला. झेराई ज्या मुलखातला, तो एकेकाळी अलुलाचा सुभा होता.

आता माझं मागणं. टर्मिनीसमोर बस नेहमी उशिरा येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या वेळात चार मिनिटं द्या. मजकूर हवा असेल तर घ्या: "मंडळी, पाकिटं पुढच्या खिशात. या चौकाचं नाव पाचशेंचा चौक. हे पाचशे इटालियन सैनिक १८८७ साली आफ्रिकेत मारले गेले. त्यांना हरवणारा रास अलुला, शेतकऱ्याचा मुलगा, पुढे सुभेदार. तो म्हणाला होता, मी रोमचा सुभेदार झालो तर साआती तुमची. ज्यांचे पाय दुखत नाहीत ते माझ्याबरोबर चला, स्मारक इथून पाच मिनिटांवर आहे. बाकीचे या छत्रीखाली थांबा, काकू, तुम्ही मोजणी घ्या."

एवढंच. ऐकतील की नाही, माहीत नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांना मी घरी आल्यावर फोनवर हे सगळं सांगितलं. पासपोर्टवाल्या काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फियाटचा संबंध नाही?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाले, "पण मग त्या सुभेदाराचं नाव परत सांगा. लिहून घेतो."

कळावे, लोभ असावा.

आपली,
मागच्या सहलीतली, खिडकीपाशी बसणारी एक प्रवासी